रसशाळेतील धोक्याची सूचना

पारदाची वाफ रंगहीन व गंधहीन असते. म्हणूनच खलात मर्दन करणाऱ्या कामगारास धोका उशिरा कळतो. हातांस कंप, हिरड्यांस सूज, विस्मरण ही लक्षणे दिसेपर्यंत बरीच हानी झालेली असते. तरीही नोकरीच्या भीतीने तो बोलत नाही. वस्तुतः कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये १९८७ साली घातलेल्या कलमाने आसन्न धोका मालकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगारास दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे.

तेव्हा प्रत्येक औषधनिर्मात्याने रसशाळेत नोंदवही ठेवावी. सांडलेला पारद, बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा, तडकलेली मूषा यांची तारीखवार नोंद व्हावी, त्याच दिवशी उपाय योजून स्वाक्षरी करावी आणि सूचना देणाऱ्यास दोष देऊ नये. व्याधीचे पूर्वरूप ओळखणाऱ्या वैद्याने अपघाताचे पूर्वरूपही ओळखावे.