मुली, मुंबई आणि चार दिवस

सुट्टी जवळ आली, की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी या बेतांत पंढरपूर, तुळजापूर, फार तर महाबळेश्वर असायचे. आता ‘पोरींना एकदा मुंबई दाखवून आणू’ असे लातूर-नांदेडकडच्या घरांतूनही सहज म्हटले जाते. बेत ठरतो तो मात्र जुन्याच पद्धतीने. घरातला कर्ता माणूस तिकिटे काढतो, मुंबईचा नातेवाईक यादी सांगतो, आई डबे भरते आणि मुली मागून चालतात. सिद्धिविनायक, हाजी अली, राणीबाग, चौपाटी आणि गेटवे, सगळे एका दिवसात! संध्याकाळपर्यंत पाय सुजलेले, धाकटी रुसलेली, मोठी मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली आणि वडील म्हणतात, ‘एवढा खर्च केला, यांना त्याचं काही आहे का?’

तेरा ते अठरा वर्षांच्या मुलींना घेऊन मोठ्या शहरात जायचे, तर हा बेत थोडा वेगळ्या रीतीने करावा लागतो. या वयाच्या मुलीला दाखवण्यापेक्षा तिच्यावर काही सोपवणे जास्त उपयोगी पडते. त्यातही एक मोठी गोष्ट अशी, की दोन-तीन वर्षांत यांतल्या कितीतरी मुली शिकायला अशाच शहरांत जाणार असतात. आई-बाबा सोबत असतानाचे चार दिवस म्हणजे त्या जाण्याची रंगीत तालीमच. आमच्या घरी थोरली सोळाची, अकरावीत. तिला पुढे मुंबईत शिकायचे आहे. तिच्या बाबांचे म्हणणे, एवढ्या शहरात पोरगी राहणार कशी? धाकटी तेरा वर्षांची. तिला पेंग्विन पाहायचे होते आणि खरेदी करायची होती. यंदाच्या जानेवारीत आम्ही चौघे चार दिवस मुंबईला गेलो. त्या अनुभवातून बेत कसा आखावा, हे सांगते.

पहिली गोष्ट, बेत घरात बसून सगळ्यांनी मिळून करावा. प्रत्येकाने आपल्याला हवी अशी एकच गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी ती निमूटपणे मान्य करायची. थोरलीने कॉलेजांचा भाग आणि समुद्र मागितला, धाकटीने पेंग्विन, मुलींच्या बाबांनी घारापुरीची लेणी आणि मी वस्तुसंग्रहालय. आजीने मात्र हात जोडून सांगितले, ‘अगं, त्या लोकलमध्ये तेवढं नका नेऊ पोरींना.’ लोकल आम्ही मुद्दामच ठेवली. त्याबद्दल पुढे सांगते.

दुसरी गोष्ट नकाशाची. मुंबई लांबट आणि चिंचोळी आहे. ती समजून घ्यायची तर रस्त्यांऐवजी रेल्वेच्या रेघा पाहाव्यात. पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटहून सुटते, मध्य आणि हार्बर मार्गाच्या गाड्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेघा दादरला भेटतात. त्यामुळे दादरच्या आसपास मुक्काम केला, तर कुठेही जाणे सोयीचे पडते. आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रोही ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावते. तिची स्थानके सीएसएमटी, हुतात्मा चौक आणि चर्चगेट इथेही आहेत. मुलींना कागदावर या रेघा काढायला सांगाव्यात आणि आपल्या चार गोष्टी त्यावर मांडायला लावाव्यात. कोणत्या गोष्टी एका दिवसात बसतात आणि कोणत्या बसत नाहीत, हे त्यांचे त्यांनाच उमगते. एक दिवस, एक भाग, हा नियम त्यातूनच निघतो.

बंद असण्याचे वारही तेव्हाच पाहून ठेवावेत. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान, म्हणजे कान्हेरीची लेणी, हेही सोमवारी. राणीबाग बुधवारी बंद. हे न पाहता गेलेली मंडळी बंद फाटकाचे फोटो काढून परततात.

आमचा पहिला दिवस फोर्ट भागाचा होता. लातूरहून रात्री निघालेली गाडी सकाळी सीएसएमटीला पोचते. सामान मुक्कामी ठेवून, आंघोळ-जेवण उरकून दुपारी पुन्हा इकडेच आलो. हा भाग पायीच पाहावा. सीएसएमटीची इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाची. २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथून हुतात्मा चौकावरून ओव्हल मैदानावर यावे. मैदानाच्या मधोमध उभे राहिले, की पूर्वेला उंच कमानींची, दगडी कोरीव कामाची उच्च न्यायालयाची आणि विद्यापीठाची इमारत दिसते, शिवाय १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी पैसे दिले आणि टॉवरला आपल्या आईचे नाव दिले. पश्चिमेला वळले, की १९३०च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या, सरळ पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती. दोन्ही बाजू मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. मुलींना फक्त मान फिरवायला सांगा, दोन काळांतला फरक त्या स्वतःच शोधतात. आमच्या धाकटीने सांगितले, ‘इकडे राजवाडे आणि तिकडे जहाजं.’

इथे मुलींना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. याच उच्च न्यायालयात १८८४पासून रखमाबाईंचा खटला चालला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. मार्च १८८७मध्ये न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी इथल्या बायकांवर उपचार केले. त्यांना मदत करणाऱ्या डॉक्टर एडिथ पीची ज्या कामा रुग्णालयात होत्या, ते १८८६ साली सुरू झालेले रुग्णालय सीएसएमटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि चर्चगेटजवळ महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे आजचे मुख्य ठिकाण. आमची थोरली त्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. आत-बाहेर जाणाऱ्या मुली पाहत होती. तिचे बाबाही पाहत होते.

आता लोकल. लोकलची भीती वाटते ती माहिती नसते म्हणून. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी गर्दी टाळावी. फलाटावरच्या इंडिकेटरवर गाडी कुठे जाणार, किती मिनिटांत येणार, जलद की धीमी आणि किती डब्यांची, हे सारे लिहिलेले असते. ते वाचायचे काम धाकटीकडे दिले होते. दुसऱ्या दिवसापासून ती आम्हालाच ‘बाबा, ही फास्ट आहे, सोडा’ असे सांगू लागली. उपनगरी गाड्यांसाठी एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. ते काढले, की दर वेळी रांगेत उभे राहावे लागत नाही.

लोकलमध्ये बायकांचे डबे वेगळे, त्यामुळे कुटुंबाची फाटाफूट होणार हे धरूनच चालावे. आम्ही घरातच दोन नियम केले होते. सगळ्यांनी कुठे उतरून कुठे उभे राहायचे, हे गाडीत चढण्यापूर्वीच बोलायचे. आणि कुणी मागे राहिले, तर जो पुढे गेला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून इंडिकेटरखाली थांबायचे, परत फिरायचे नाही. हे नियम तिसऱ्या दिवशी उपयोगी पडले. गर्दीची वेळ टळली, तरी दादरला दादरची गर्दी असतेच. धीम्या गाडीत थोरली चढली, मी आणि धाकटी फलाटावरच राहिलो आणि गाडी सुटली. माझ्या छातीत धस्स झाले हे खरे. पण मागच्या गाडीने आम्ही प्रभादेवीला उतरलो, तेव्हा ती इंडिकेटरखाली उभी होती. तिचे बाबा पुरुषांच्या डब्यातून पुढे गेले होते. त्यांना हे सगळे चर्चगेटला समजले. ते तिला एवढेच म्हणाले, ‘घाबरली नाहीस?’ ती म्हणाली, ‘घाबरले होते, पण कुठं थांबायचं ते माहीत होतं.’ मला वाटते, सुरक्षिततेचा अर्थ यापेक्षा नेमका सांगता येणार नाही.

घारापुरीला जायचे तर सकाळीच निघावे. गेटवेपासून लाँचने साधारण तासभर लागतो आणि बेटावर लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. तिथली त्रिमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. ती पाहताना बडबडी धाकटीही गप्प झाली. या मार्गावर १८ डिसेंबर २०२४ रोजी लाँचची मोठी दुर्घटना झाली होती. तेव्हा लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नये, फोटोत चांगले दिसत नाही म्हणून ते काढूही देऊ नये. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. त्यामुळे हा बेत हिवाळ्यातच बरा.

आता जरा नाजूक, पण महत्त्वाच्या गोष्टी. मुलींच्या पाळीच्या तारखा पाहून मगच दिवस ठरवावेत आणि तरीही पॅड प्रत्येकीच्या पिशवीत असावेत. पायऱ्यांचा, लांब चालण्याचा दिवस त्यानुसार मागे-पुढे करता येतो. स्वच्छतागृहाची सोय दिसली, की ती वापरूनच पुढे जावे. लाजून पाणी न पिणाऱ्या मुली दुपारी डोके धरून बसतात. नवी चप्पल सहलीत काढू नये. आणि या वयात झोप जास्त लागते, हा आळस नव्हे. सकाळी सहाला उठवून नऊ ठिकाणे करण्यापेक्षा आठला उठवून तीन करावीत.

पैशांचे म्हणाल, तर खरेदीची रक्कम पहिल्याच दिवशी मुलींच्या हातात द्यावी आणि पुन्हा मागायची नाही, असे ठरवावे. कुलाब्याच्या फुटपाथवर घासाघीस करताना पैसे स्वतःचे असले की आवाज आपोआप खालच्या पट्टीत येतो. धाकटीने तीन दुकाने फिरून एकच पिशवी घेतली आणि उरलेल्या पैशांतून आजीसाठी कुंकवाची डबी.

शेवटची गोष्ट, एक तास त्यांचा असू द्यावा. आम्ही हे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहून झाल्यावर केले. ही इमारत जॉर्ज विटेट यांची, गेटवेही त्यांचाच. पहिल्या महायुद्धात इथे रुग्णालय होते. संग्रहालय म्हणून ते १९२२ साली खुले झाले. तिथून गेटवे दहा-बारा मिनिटांवर. दोघींनी मिळून जायचे, वेगळे व्हायचे नाही, फोन चार्ज केलेला, थोडे पैसे वेगळ्या खिशात, मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहिलेला, तासाभराने संग्रहालयाच्या फाटकाशी परत. वाट चुकली तर वाहतूक पोलिसाला किंवा दुकानात विचारायचे, मागे लागणाऱ्याला नाही. मदतीसाठी ११२, मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ आणि रेल्वेसाठी १३९, हे क्रमांक तोंडपाठ करून घेतले होते. तो तास मुलींपेक्षा आम्हालाच लांब वाटला. त्यांचे बाबा फाटकाशी येरझारा घालत होते. मुली सात मिनिटे उशिरा आल्या. एकदा उलट्या बाजूला गेलो, मग पोलिसकाकांना विचारलं, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. उशिराबद्दल आम्ही बोललो, पण रागावलो नाही. रागावलो असतो, तर पुढच्या वेळी चुकलेली वाट त्यांनी आमच्यापासून लपवली असती.

घरी आल्यावर सहलीचा हिशेब मुलींनीच मांडावा. कशावर किती गेले, कुठे वेळ वाया गेला, पुन्हा गेलो तर काय वगळायचे. आमच्या थोरलीने हिशेबाच्या वहीत शेवटी एक पान वेगळे केले आणि त्यावर दोन कॉलेजांची नावे, वसतिगृहांची चौकशी कुठे करायची ते लिहिले. तिच्या बाबांनी अजून होकार दिलेला नाही. मात्र परवा जेवताना त्यांनी विचारले, ‘वसतिगृहाचं शुल्क साधारण किती असतं गं?’

तुमच्या घरात या वयाच्या मुली असतील, तर मुंबईच हवी असे नाही. पुणे, नागपूर, हैदराबाद, जे शहर जवळचे वाटेल तिथे जावे. यादी छोटी ठेवावी, नकाशा मुलींच्या हाती द्यावा, आधी नियम बोलून घ्यावेत आणि मग त्यांच्या मागे दोन पावले चालावे. काही वर्षांनी त्या एकट्या निघतील, तेव्हा हीच दोन पावले आपल्याला धीर देतील.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)