पाषाणाग्रे
भाल्याच्या अगर बाणाच्या टोकास बसविण्याकरिता दगडापासून घडविलेले अणकुचीदार व धारदार हत्यार. अश्मयुगात जगाच्या बहुतेक भागांत अशी अग्रे वापरात होती. दगड टिकला, परंतु ज्या शिंगाच्या व हाडाच्या साधनांनी तो घडविला, ती बहुतेक ठिकाणी कुजून गेली. म्हणून ही निर्मितिपद्धती अग्रांवरील छिलक्यांचे व्रण, कारागिराच्या बैठकीभोवतीचा कपच्यांचा कचरा आणि अलीकडेपर्यंत हे काम करणाऱ्यांची निरीक्षणे यांवरून जाणून घ्यावी लागते.

चकमकीचा दगड, चर्ट, अकीक, ज्वालाकाच (ऑब्सिडियन) यांसारख्या सूक्ष्मकणी अथवा काचसदृश दगडांचे भंजन शंखाभ असते; म्हणजे कारागीर ज्या दिशेने बळ लावील, त्या दिशेने छिलका सुटतो. दगडी हातोड्याचा आघात एका बिंदूवर एकवटतो व छिलका जाड निघतो. शिंग दगडापेक्षा मऊ व चिवट असल्याने दगडाची कड त्यात किंचित रुतते, आघात पसरतो आणि लांब, पातळ छिलका सुटतो. येथे शिंग म्हणजे सांबर, एल्क इ. मृगकुलातील प्राण्यांचे, दरवर्षी गळून पडणारे भरीव शिंग होय. ते वस्तुतः हाडच असते; गायीम्हशींच्या पोकळ शिंगाशी त्याचा घोटाळा करू नये.

प्रथम दगडी हातोड्याने ओबडधोबड आकार देतात. मग शिंगाच्या सोट्याने दोन्ही बाजूंचे छिलके काढून तो पातळ करतात. प्रत्येक आघातापूर्वी कड खरखरीत दगडावर घासून बळकट करावी लागते. हे टाळल्यास कड चुरडते. अखेरचे काम दाबतंत्राने होते. तळहातावर चामड्याची घडी ठेवून तीवर अग्र धरतात, शिंगाचे टोक कडेवर टेकवून प्रथम आत व नंतर खाली दाबतात, तेव्हा खालच्या बाजूने बारीक छिलका निघतो. बांधण्यासाठीच्या खाचाही अशाच पाडतात. बरीच अग्रे या शेवटच्या टप्प्यावर मोडतात.

इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे सु. ५ लाख वर्षांपूर्वीचे शिंगाचे व हाडाचे हातोडे सापडले असून काहींत चकमकीचे कण रुतलेले आहेत. दाबतंत्राचा पुरावा दक्षिण आफ्रिकेतील ब्लॉम्बॉस गुहेतील, सु. ७५,००० वर्षांपूर्वीच्या अग्रांवर मिळाला असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे दगड आधी तापवून घेत. फ्रान्समधील सॉल्यूट्रियन संस्कृतीत (सु. २०,००० वर्षांपूर्वी) ही कला परमोच्च अवस्थेस पोहोचली. व्होल्गू येथे १८७४ मध्ये सापडलेल्या पर्णाकृती अग्रांपैकी काही ३० सेंमी.हून लांब, पण १ सेंमी.पेक्षाही पातळ आहेत. ती शिकारीच्या उपयोगाची खासच नव्हेत.

प्रत्यक्ष निरीक्षणाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला कॅलिफोर्नियातील इशीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींतून उरलेला याही जमातीचा हा अखेरचा मनुष्य १९११ मध्ये ऑरोव्हिल गावी आला आणि १९१६ मध्ये क्षयाने मरेपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठीय संग्रहालयात राहिला. ‘इशी’ म्हणजे नुसते ‘माणूस’. स्वतःचे नाव त्याने सांगितले नाही. नेल्स नेल्सन व डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्या कामाचे वर्णन लिहून ठेवले. परंतु तो लोखंडी टोकाचे साधन वापरी व बाटल्यांच्या काचेचीही अग्रे घडवी. शिवाय त्याची अग्रे शेजारच्या विंटू-नोमलाकी लोकांच्या घडणीची आहेत, असे १९९६ मध्ये स्टीव्हन शॅक्ली यांनी दाखविले. म्हणून त्याची पद्धत ती अश्मयुगीनच, असे सरसकट मानणे धोक्याचे आहे. पुढे फ्रान्स्वा बॉर्द व डॉन क्रॅबट्री यांनी स्वतः दगड घडवून व्रण जुळवून पाहिले. आजचे बरेच निष्कर्ष त्यावर आधारलेले आहेत.

महाराष्ट्रात इनामगाव, नेवासे इ. ताम्रपाषाणयुगीन स्थळी कॅल्सेडनीची पाती विपुल मिळतात. दोन्ही बाजूंनी घडविलेली अग्रे मात्र तेथील अश्म-उद्योगाचे वैशिष्ट्य नव्हे. गुजरातेतील खंबायतचे अकीक-कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोकतात. सळई लोखंडाची असली, तरी मऊ हातोडीचे तत्त्व तेच. तेथे अकीक घासताना उडणाऱ्या सिलिकेच्या धुळीने अनेकांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो.