तक्रारीलाही मुदत हवी

शाळेतील शिक्षकाविरुद्ध किंवा कचेरीतील कारकुनाविरुद्ध तक्रार झाली, तर ती कोणी ऐकावी, आरोपपत्र कोणी द्यावे, चौकशी कोणत्या क्रमाने व्हावी, हे सारे नियमांनी बांधलेले असते. नोकरदारास हे नियम जाचक वाटतील. परंतु आपला न्याय कोठे आणि कसा होणार, हे त्यास ठाऊक असते. मात्र ज्या सभागृहात शहराच्या पाण्याचे, रस्त्यांचे आणि करांचे निर्णय होतात, त्या सभागृहाच्या सदस्यानेच पदाचा गैरवापर केला, तर नागरिकाने जावे कोठे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र साधे नाही.

वऱ्हाडात हा प्रश्न विचारण्याची वेळ आज आली आहे. अमरावती महानगरपालिका १५ ऑगस्ट १९८३ रोजी आणि अकोल्याची १ ऑक्टोबर २००१ रोजी अस्तित्वात आली. मार्च २०२२ मध्ये या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे तेथे प्रशासकाचा अंमल राहिला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर अमरावतीत ८७ आणि अकोल्यात ८० निर्वाचित सदस्यांची सभागृहे पुन्हा भरली. लोकप्रतिनिधी परत आले, हे इष्टच झाले. तथापि, त्यांच्यावर अंकुश ठेवणारी व्यवस्था होती तशीच आहे.

ही व्यवस्था आहे तरी कशी? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या १३ व्या कलमान्वये कर्तव्य बजावताना गैरवर्तन करणाऱ्या किंवा लज्जास्पद वर्तन करणाऱ्या नगरसेवकास राज्य शासन पदावरून दूर करू शकते. शासनाने हे स्वतःहून करावे, किंवा महापालिकेच्या शिफारशीवरून करावे. अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर यांसारख्या नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचे ४२ वे कलम जवळजवळ हेच सांगते. संबंधित सदस्यास आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे, हेही कायद्यात आहे. परंतु नागरिकाच्या अर्जावर अमुक दिवसांत चौकशी झालीच पाहिजे, असे बंधन तेथे नाही.

म्हणजे तक्रारीपुढे मार्ग दोनच. एक आमसभेचा. तेथे सहकाऱ्याविरुद्ध हात वर करणाऱ्यास उद्या आपलीही पाळी येईल, ही धास्ती असते. तेव्हा ‘तेरी भी चूप, मेरी भी चूप’ हाच व्यवहार सोयीचा ठरतो. दुसरा मार्ग मंत्रालयाचा. तेथील निर्णय मंत्र्यांच्या सहीने व्हावयाचा, आणि मंत्री हे एखाद्या पक्षाचेच असणार. तक्रार स्वपक्षीयाविरुद्ध असेल तर तिचे भिजत घोंगडे पडून राहते; विरोधकाविरुद्ध असेल तर तिला पाय फुटतात, असा संशय मग लोकांच्या मनात येतो. तो प्रत्येक वेळी खरा असेलच असे नाही. पण त्याला जागा ठेवणारी रचना सदोष आहे, यात शंका नाही. शिवाय नगरसेवकाची मुदत पाच वर्षांची. ती संपली आणि सदस्य पुन्हा निवडून आला नाही, तर पदावरून दूर करण्याचा प्रश्नच उरत नाही. नुसता विलंब हाच बचाव होऊन बसतो.

मौज अशी की, खेड्यासाठी कायद्याने अधिक विचार केलेला आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३९ व्या कलमानुसार सरपंच वा सदस्य यांच्या गैरवर्तनाची चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. अहवालासाठी एक महिना आणि त्यावरील निर्णयासाठी एक महिना, अशी मुदत कायद्यातच घातलेली आहे. तेल्हारा तालुक्यातील गावकऱ्याची तक्रार अकोल्याहून अमरावतीस जाते. तेथून अपील मुंबईस आणि त्यानंतरचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे. वाट लांबची खरी, पण निदान तिच्यावर मैलाचे दगड रोवलेले आहेत. लहान गावच्या सदस्याच्या बाबतीत जी घाई कायद्यास आवश्यक वाटली, ती कोट्यवधींचे अंदाजपत्रक मंजूर करणाऱ्या सभागृहाच्या बाबतीत का वाटू नये?

या प्रश्नास दुसरीही बाजू आहे, आणि ती तितकीच गंभीर आहे. तक्रार हे शस्त्र आहे. ते निरपराध माणसावरही चालविता येते. रायगड जिल्ह्यातील उरण नगरपरिषदेच्या अध्यक्षांना पदावरून दूर करण्याचा शासनाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये रद्द केला. मे २०२४ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातील नगरपरिषदांच्या प्रकरणात, अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या राजकीय धन्यांच्या मर्जीनुसार निर्वाचित प्रतिनिधींना काढता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने बजाविले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जळगाव जिल्ह्यातील विचखेडे गावच्या महिला सरपंचाला न्यायालयाने पुन्हा पदावर बसविले. स्त्रीने गावचा कारभार करावा, हेच काही गावकऱ्यांना रुचले नव्हते, आणि अधिकाऱ्यांनी आरोपांची खातरजमा न करताच आदेश काढला होता. निर्दोष ठरण्यासाठी दिल्लीपर्यंत जाणे किती जणांना परवडेल?

तेव्हा आज दोन अन्याय एकाच वेळी नांदत आहेत. दोषी सदस्य विलंबामुळे सुटतो आणि निर्दोष सदस्य घाईमुळे भरडला जातो. दोहोंचे मूळ एकच आहे : निर्णय करणारा हात तटस्थ नाही, आणि त्याला वेळेचे बंधनही नाही.

‘मतदार हाच खरा न्यायाधीश, पाच वर्षांनी तो निकाल देईल,’ असे यावर सांगितले जाते. हे म्हणणे आकर्षक आहे, पण अपुरे आहे. मतदार पसंती सांगतो. तो साक्षी तपासीत नाही, कागद पाहत नाही, आणि गैरवर्तनाने झालेले नुकसान त्याला वसूल करता येत नाही.

अन्यत्र काय घडते, हे पाहणे उपयुक्त ठरेल. केरळने २००० साली स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला. उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाकडे ते पद असते, आणि सामान्य नागरिक त्याच्याकडे थेट तक्रार करू शकतो. इंग्लंडचा अनुभव सावध करणारा आहे. तेथे २००० च्या कायद्याने या कामासाठी स्थापिलेले मध्यवर्ती मंडळ २०११ च्या कायद्याने मोडीत निघाले आणि तक्रारी पुन्हा त्या त्या नगरसंस्थेकडे आल्या. त्रयस्थ व्यक्तीचे मत घेण्याचे बंधन राहिले. परंतु सदस्यास निलंबित करण्याचा अधिकार मात्र गेला. चौकशी आहे, पण शिक्षेत दम नाही, अशी ओरड त्यामुळे तेथे सुरू झाली.

महाराष्ट्रास याहून सुटसुटीत व्यवस्था उभारता येईल. प्रत्येक महसुली विभागात निवृत्त जिल्हा न्यायाधीशाचे एक न्यायाधिकरण असावे. अमरावतीतील असे न्यायाधिकरण अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या पाचही जिल्ह्यांस पुरेल. प्राथमिक छाननी दोन महिन्यांत आणि अंतिम निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे बंधन असावे. शिक्षा अपराधाच्या प्रमाणात असाव्यात : कधी ताकीद, कधी समितीतून वगळणे, कधी वसुली, आणि अखेरीस पदच्युती. निर्णय कारणांसह प्रसिद्ध व्हावा, आणि हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्यासही दंड असावा.

कायदा बदलण्यास वेळ लागेल. पण एक गोष्ट दोन्ही महापालिकांना आजही करता येण्यासारखी आहे. सदस्यांविरुद्ध आलेल्या तक्रारींची नोंदवही ठेवावी, आणि कोणती तक्रार कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून आहे, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी आमसभेपुढे मांडावा. यासाठी मुंबईकडे पाहण्याची आवश्यकता नाही. पहिल्या तक्त्यात एकही तक्रार नसेल, तर सभागृहास तो अभिमानाने वाचून दाखविता येईल.