'ळ'ची जागा

गेल्या वर्षी रोहिणी नक्षत्रात शिवारात धूळवाफ पेरणी चालू होती. सातवीच्या मुलांना आम्ही बांधावर नेले आणि डोळ्यांसमोर जे दिसेल त्याचे नाव वहीत लिहा म्हणून सांगितले. समोर कुरीने भात पेरले जात होते. बहुतेक वह्यांत 'बियाणे टाकायचे यंत्र' असे उतरले. दोघा-तिघांनी पुस्तकातली 'पाभर' लिहिली. 'कुरी' लिहिणारी मुलगी एकच निघाली, आणि तिनेही तो शब्द आजीकडून ऐकलेला.

मराठी शाळेसाठी आम्ही सीमाभागातले लोक मोर्चे काढतो, निवेदने देतो, आणि आमच्याच पोरांच्या तोंडून आमचे शब्द निघून चालले आहेत, हे त्या दिवशी टोचले. शब्द गोळा करायचे ठरले. पण वही एका कपाटात राहते. मुलांच्या हातात आता घरचा मोबाईल असतो. शब्द तिथेच पोहोचले पाहिजेत. म्हणून शाळा आणि समितीचे काम आटोपून, रात्री जेवणानंतरच्या तासाभरात, आम्ही स्वतःच एक वेब ॲप बांधायला बसलो. वेब ॲप म्हणजे वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की झाले. नाव ठेवले 'शब्दकणगी'.

पन्नाशी उलटल्यावर एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट शिकणे म्हणजे पुन्हा पहिलीत बसणे. एक स्वल्पविराम चुकला की सगळे पान कोरे! पण मांडणी साधी ठेवली : शब्द, अर्थ, एक वाक्य, आणि शब्द कोणत्या गावी ऐकला त्याची नोंद.

पहिली चूक आमच्या अज्ञानाची. मुलांनी भरलेले शब्द ज्या त्या मोबाईलच्या ब्राउझरमध्येच साठत होते. एकाचे दुसऱ्याला दिसेनात. त्यातच एका मुलाच्या भावाने मोबाईल 'साफ' केला आणि एका वृद्ध मावशींकडून मिळालेले चाळीस शब्द गेले. आम्ही ओशाळून पुन्हा त्यांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी न रागावता पुन्हा सांगितले, पण या वेळी सव्वीसच आठवले. उरलेले चौदा कोणते, ते आज त्यांनाही ठाऊक नाही आणि आम्हालाही. तेव्हापासून सर्व नोंदी एका ठिकाणी साठवतो, आणि दर महिन्याला त्यांची छापील प्रत वाचनालयात ठेवतो.

दुसरा पेच वर्णक्रमाचा. यादी लावली तर 'मळणी' ही 'मशागती'च्या आधी! 'क्षेत्र' हा शब्द 'कौल' आणि 'खत' यांच्यामध्ये. संगणक अक्षर ओळखत नाही, अक्षराचा क्रमांक ओळखतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५, 'व'चा २३५७ आणि 'ह'चा २३६१. देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा अनेक भाषांची सामाईक लिपी, म्हणून क्रमही सामाईक. आपल्या बाराखडीत मात्र 'ह'नंतर 'ळ', मग 'क्ष' आणि 'ज्ञ'. यंत्राला मराठी येतच नाही की काय, असे वाटून आम्ही दोन रात्री चिडलो. मग कळले की मराठीचा क्रम ब्राउझरजवळ आहे. फक्त ही यादी मराठी आहे, असे दोन अक्षरी खुणेने सांगावे लागते. सांगितले आणि 'ळ' आपल्या जागी गेला. पानाच्या माथ्यावर तीच खूण घातली, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात.

तिसरी अडचण कुरीनेच घातली. शोधात 'कुऱ्या' टाकले तर शब्द सापडेना. तो ऱ्य दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगवेगळे. शेवटी दोन्हींना एकच मानण्याचा नियम आम्हीच लिहिला.

चौथी अडचण यंत्राची नव्हती. 'नट्टी' हा शब्द कानडी, तो काढा, असे समितीत एका सदस्याचे म्हणणे पडले. चर्चा रंगली. आमचे मत स्पष्ट होते. भाताची रोपलावण करताना आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या 'नट्टी' म्हणत आल्या. तो त्यांच्या मराठीचा शब्द आहे. तूप, अक्का, अण्णा हेही कन्नडशी नाते सांगतात; ते काढायला निघालो तर घर रिकामे होईल. आमचे भांडण शेजाऱ्याच्या भाषेशी नाही, आमच्या भाषेला जागा न देण्याशी आहे. 'नट्टी' राहिली.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करणे राज्यांवर सोपवले गेले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही जाहीर झाला. हे हक्क आम्ही मागतच राहणार. परंतु ओसरीवर हरवलेले चौदा शब्द कोणतेही कलम परत आणून देणार नाही. आणि यंत्राचाही धडा तोच : आपण होऊन 'ही मराठी आहे' असे सांगितले नाही, तर दुसऱ्याने लावलेल्या क्रमात आपल्याला बसावे लागते.

आमची शब्दकणगी अजून अर्धीही भरलेली नाही. सीमाभागातील शिक्षक बंधू-भगिनींना विनंती एवढीच की, या सुगीत आपल्या मुलांना एकदा खळ्यावर न्यावे आणि वही बरोबर द्यावी. ॲप नंतर होईल. आधी आजीला विचारून घ्यावे.