भूक लागते, वेळ लागतो, मोहोळ लागते

इंग्रजीच्या शिक्षकाला 'रन' या क्रियापदाची धास्ती वाटते, ती उगाच नाही. 'रन म्हणजे धावणे' असे विद्यार्थ्याने खालच्या वर्गात पाठ केलेले असते. आठवी-नववीत आल्यावर त्याला दिसते की इंग्रजीत नदी 'रन' करते, सर्दीने नाक 'रन' करते, यंत्रमाग 'रन' करतो, दुकानदार दुकान 'रन' करतो. एवढेच काय, कच्च्या रंगाची चादर पाण्यात बुडवली तर तिचा रंगही 'रन' करतो. धावणारा यांत कोणीच नाही. मराठीत नदी वाहते, माग चालतो, रंग जातो. आपल्याला तीन-चार वेगवेगळी क्रियापदे लागतात, तिथे इंग्रजी एकावरच भागवते.

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. त्याचे ४३० अर्थ तिथे नोंदलेले होते. पुढे 'रन'ची नोंद नव्याने करण्याचे काम पीटर गिलिव्हर या संपादकाकडे आले. त्या एका शब्दावर त्याचे नऊ महिने खर्ची पडले, आणि २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा होता ६४५. हा आकडा वर्गात सांगितला तर मुले वही मिटून ठेवतील!

पण हीच मुले घरी आणि मैदानात दिवसभर एक तसलेच क्रियापद बिनचूक वापरत असतात. ते क्रियापद म्हणजे 'लागणे'. वर 'क्रियापदे लागतात' असे वाक्य येऊन गेले, तेव्हा वाचक तिथे अडखळले नसतील.

जरा वाक्ये जमवू. पायाला खिळा लागला. गाडी फलाटाला लागली. भूक लागली. उचकी लागली. ऊन लागते. गवताला आग लागली. दिवे लागले. शेंगाची चटणी खमंग लागते. पोहोचायला दोन तास लागतात. भाजीला मीठ जास्त लागेल. ते माझे मामा लागतात. निकाल लागला. नोकरी लागली. परीक्षेला बसावे लागते. मूल रडू लागले. सोलापूरहून पुण्याकडे निघाले की आधी मोहोळ लागते, मग टेंभुर्णी. ही यादी वाचकाला सहज दुप्पट करता येईल.

आता यांचे इंग्रजी करून पाहावे. दोन तास लागतात, तिथे 'टेक' येते. बसावे लागते, तिथे 'हॅव टू'. रडू लागले म्हणजे 'बिगॅन'. खमंग लागते म्हणजे 'टेस्ट'. मामा लागतात म्हटले तर नुसते 'आर'. भूक लागली याला तर स्वतंत्र क्रियापदच नाही. इंग्रज माणूस स्वतःच 'हंग्री' असतो. म्हणजे इंग्रजीच्या 'रन'ने आपल्याला जो त्रास होतो, तोच आपल्या 'लागणे'ने इंग्रजाला होणार. हा हिशेब विद्यार्थ्यांसमोर आधी मांडावा. निम्मी भीती तिथेच जाते.

हे सगळे अर्थ एका शब्दात आले कसे? संस्कृतात 'लग्' हा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणे, टेकणे, स्पर्श करणे. त्याचे 'लग्न' हे रूप प्राकृतात 'लग्ग' झाले आणि मराठीत 'लाग'. मूळ कल्पना एवढीच की एक वस्तू दुसरीला येऊन भिडली. खिळा पायाला भिडला, गाडी फलाटाला भिडली, ज्योत गवताला भिडली. चव जिभेला भिडते. भूक ही वस्तू नव्हे, पण मराठी माणूस ती बाहेरून येऊन आपल्याला चिकटल्यासारखी बोलतो. मोहोळ गाव जागचे हलत नाही, आपण त्याच्यापाशी जातो. तरी वाक्यात कर्ता मोहोळच, जणू गावच वाटेवर येऊन आपल्याला टेकले. बसावे लागते म्हणजे बसण्याची गरज येऊन चिकटली. रडू लागले म्हणजे मूल रडण्याला जाऊन भिडले. एका अर्थातून शेजारचा अर्थ, त्यातून त्याच्या शेजारचा, अशी ही वस्ती वाढत गेली.

'लागवड', 'लागण', 'लगत', 'संलग्न' ही याच घरातली मंडळी. विवाहाला 'लग्न' म्हणतात तेही जोडले जाण्यावरूनच. त्यामुळे 'लग्न लागले' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा येऊन बसला आहे. पत्रिकेतले 'लग्न' म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजाला टेकलेला राशीचा भाग. फलज्योतिषावर आपला विश्वास नसला तरी शब्दामागचे निरीक्षण आकाशाचे आहे, हे मान्य करावे लागेल. मात्र नुसत्या आवाजावर जाऊ नये. 'लगाम' याच कुळातला वाटतो, पण तो फारसीतून आला आहे.

एवढे अर्थ असूनही ऐकणाऱ्याचा घोटाळा का होत नाही, हा खरा विज्ञानाचा प्रश्न आहे. १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या मानसशास्त्रज्ञाने त्यावर एक नामी प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचे यंत्रही. लोकांच्या कानात एक वाक्य ऐकवले जाई. त्यात कोळी, झुरळे यांच्यासोबत 'बग' हा शब्द येई, म्हणजे अर्थ किडा हे उघड होते. 'बग' ऐकू येताच समोरच्या पडद्यावर काही अक्षरे उमटत आणि तो खरा शब्द आहे की नाही हे झटपट बटण दाबून सांगायचे असे. तेव्हा 'मुंगी' हा शब्द तर लोक पटकन ओळखतच, पण 'हेर' हा शब्दही तितक्याच पटकन ओळखत! म्हणजे नको असलेला अर्थही मनात क्षणभर जागा होत होता. तीन अक्षरे उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिला की मात्र किड्याचाच अर्थ उरे. मन सगळी दारे उघडते आणि नको ती लगेच लोटून घेते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

'बग'चे हे दोन अर्थ एकमेकांपासून दूरचे आहेत. आपल्याकडे सोलापूरभोवतीचा उघडा माळ आणि गळ्यातली माळ यांचे जसे काही नाते नाही, तसे. अशा शब्दांची आणि 'लागणे'सारख्या शब्दांची जात वेगळी. जेनिफर रॉड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इंग्रजी शब्दांवर दाखवले की संबंध नसलेले दोन अर्थ असलेला शब्द ओळखायला माणसाला थोडा जास्त वेळ लागतो. पण एकमेकांशी नाते असलेले पुष्कळ अर्थ असतील तर तो शब्द उलट लवकर ओळखला जातो. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. अर्थांची गर्दी हे ओझे नव्हे. नाते न दाखवता केलेली यादी हे ओझे. बाजारातल्या गाइडांत 'रन', 'टेक', 'गेट' यांचे अर्थ अनुक्रमांक घालून छापलेले असतात. ती पाने पाठ करून घेण्यात काही हशील नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थ निवडायला मदत करतात ते शेजारचे शब्द आणि त्यांची रूपे. 'त्याला जावे लागले' आणि 'तो जाऊ लागला' ही वाक्ये पाहा. क्रियापद तेच, पण एकात सक्ती आहे आणि दुसऱ्यात आरंभ. फरक केला 'त्याला'मधल्या विभक्तीने आणि 'जावे', 'जाऊ' या रूपांनी. कधी नुसते वचन पुरते. 'त्याचा डोळा लागला' म्हणजे तो झोपी गेला. 'त्याचे डोळे वाटेकडे लागले' म्हणजे तो जागा राहून कोणाची तरी वाट पाहतो आहे! इंग्रजीत हे काम पुढच्या छोट्या शब्दाकडे असते: 'रन आऊट' म्हणजे साठा संपणे, 'रन इनटू' म्हणजे कोणाशी अचानक गाठ पडणे. 'आऊट'चा बाहेर आणि 'इनटू'चा आत हा साधा अर्थ धरून ठेवला तर दोन्ही उलगडतात.

सगळेच उलगडेल असे मात्र नाही. भूक लागते, मग थंडी 'वाजते' का, आणि भीती 'वाटते' का? याला तर्क नाही, रूढी आहे. ती कानावर पडूनच येते, आणि इथे सोलापूरच्या शिक्षकांची गोष्ट वेगळी आहे. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या विणकरांची घरे आहेत, तिथे तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या बाजूला कानडी. कानडीत भूक लागत नाही, ती 'होते'. तेलुगूत ती होते किंवा 'वेस्तुंदि', म्हणजे शब्दशः टाकते. अशा घरातल्या मुलाने मराठीच्या पेपरात 'मला भूक झाली' असे लिहिले तर आपण लाल रेघ ओढतो आणि मूल भाषेत कच्चे ठरवतो. त्याने केलेले काम मात्र तेच असते, जे मराठी घरातले मूल इंग्रजीच्या तासाला करते: आपल्या घरचे क्रियापद दुसऱ्या भाषेत घालून पाहणे. रेघ ओढावीच, कारण वाक्य मराठी नाही. पण शेजारी मुलाच्या घरची रीत त्यालाच लिहायला सांगावी.

एक तास यासाठी काढता येईल. फळ्यावर 'मला भूक लागली' लिहावे आणि मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, ज्याच्या घरी जे असेल ते त्याने देवनागरीत खाली लिहावे. मग प्रत्येक क्रियापदाचा एरवीचा अर्थ काय, हे त्या त्या मुलाने वर्गाला सांगावे. इंग्रजीचे 'आय अॅम हंग्री' सर्वांत शेवटी लिहावे. दुसऱ्या दिवशी मुलांनी घरून 'लागणे'ची दहा-दहा वाक्ये आणावीत. कोण कोणाला भिडले आहे, हे विचारून त्यांचे गट पाडावेत. काही वाक्ये कुठल्याच गटात बसणार नाहीत. 'वाट लागली' हे हमखास त्यांतले एक. त्याच्यापाशी थांबून 'विल्हेवाट' या शब्दाची आठवण करून द्यावी आणि पुढचे मुलांनाच शोधू द्यावे.