खिल्लार : माणदेशाचा शर्यतीचा बैल

महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचे मैदान प्रामुख्याने खिल्लार जातीच्या बैलांनी गाजते. सातारा, सांगली, सोलापूर आणि त्यांना लागून असलेले कर्नाटकातील विजयपूर, बेळगाव हा या जातीचा मूळ मुलूख. म्हैसूरच्या हल्लीकर गुरांपासून ती उतरली असावी, असे मानले जाते. माणदेशातील पशुपालकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती जोपासली. पाऊस कमी, चारा तुटपुंजा, वाट लांबची; अशा मुलखात थोड्या वैरणीवर भरभर चालणारे जनावरच कामाचे होते.

खिल्लाराची अंगकाठी आटोपशीर आणि घट्ट असते. चेहरा लांब व निमुळता, कपाळावर मधोमध उभी खाच. लांब शिंगे आधी मागे झुकून मग वर वळतात. गळ्याची पोळी लोंबत नाही, पाय सडसडीत, खूर काळे आणि टणक. रंग बहुधा पांढरा-करडा, पण नवजात वासराच्या माथ्यावर तांबूस छटा असते व ती काही महिन्यांत जाते. आटपाडी-म्हसवडकडचे खिल्लार, पंढरपुरी, खानदेशातील तापी खिल्लार असे या जातीचे पोटप्रकार आहेत. स्वभाव तापट, अनोळखी माणसाने जपूनच जवळ जावे. गाय दुधाला कमी, त्यामुळे तिची किंमत मुख्यतः होणाऱ्या खोंडावर ठरते.

बीड जिल्हा मात्र लाल कंधारी या दुसऱ्या जातीच्या पट्ट्यात येतो. ती जात तांबड्या रंगाची, नांगराला आणि ओढकामाला चिवट. वेगात मात्र खिल्लार पुढे.

शर्यतीत हलका छकडा जुंपतात. विदर्भात या खेळाला शंकरपट म्हणतात, तर पुणे जिल्ह्यातील घाटांत चार बैलांच्या पुढे घोडीस्वार धावतो. दुधाचे दात न पाडलेला ‘आदत’ आणि दोन दात आलेला ‘दुसा’ यांचे वेगळे गटही अनेक ठिकाणी असतात.

ट्रॅक्टर आल्यावर शेतातले बैलाचे काम घटले आणि चांगल्या खोंडाला भाव देणारा मोठा गिऱ्हाईक शर्यतवालाच उरला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, तेव्हा म्हणूनच पैदाशीलाही झळ बसली. राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला. डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला. नियमांनुसार धाव 1,000 मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही.