नर्सबाईंच्या शिक्षणाची पाऊणशे वर्षे

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात, आसपासच्या खेड्यांत आणि शेतातल्या वस्त्यांवर सरकारी आरोग्यसेवा पोचली ती मुख्यतः नर्सबाईंच्या पायांनी. त्यांना कुणी, काय आणि किती शिकवले, याचा मागोवा घेतला तर गावाच्या आरोग्याचा अर्धा इतिहास हाती लागतो.

परिचारिकेचे काम हलके मानले जात होते, त्या काळात रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनाने स्त्रियांना, त्यातही विधवांना, या शिक्षणाची वाट दाखवली. पण ही वाट शहरातल्या इस्पितळांकडे जाई. खेड्यातले बाळंतपण सुईणीकडेच राहिले. १९४६ साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली आणि १९५१ साली एएनएमचा (सहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा) दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशात सुरू झाला. बुलढाणा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला.

पुढे कर्तारसिंग समितीने १९७३ साली बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची कल्पना मांडली. १९७७ साली एएनएमचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला. शिक्षणाचा काळ घटला, काम मात्र वाढतच गेले. बाळंतपणाच्या जोडीला कुटुंबनियोजन, हिवतापाचे रक्तनमुने आणि १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण आले. २०१२ च्या सुमारास अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला. ही दुरुस्ती उशिरा आली, तरी योग्यच होती.

या सगळ्या बदलांत टिकून राहिला तो शुश्रूषेचा पाया. त्यातला पहिला धडा स्वच्छतेचा. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. न धुतलेला हात, जुने पाते किंवा नाळेवर लावलेले शेण यांतून ते बाळाच्या अंगात शिरत. त्यावर नर्सबाईंनी घरोघरी पाच गोष्टी सांगितल्या: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि नाळेवर काहीही लावायचे नाही. गरोदरपणातली धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणे यांची जोड मिळाली, आणि २०१५ साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

दुसरा धडा विदर्भातलाच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाचे श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. तिथले बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नवजाताचा श्वास एकसारखा चालत नाही, म्हणून तो पूर्ण एक मिनिट मोजायचा; साठ किंवा जास्त भरला तर पुन्हा मोजायचा, आणि तरीही तेवढाच आला तर धोका समजायचा. एवढे ज्ञान हातात असले तरी जीव वाचतो.

साधने बदलली. काचेची सिरिंज उकळण्याचे दिवस गेले, एकदाच वापरायची सिरिंज आली. पाऱ्याच्या थर्मामीटरच्या जागी डिजिटल आले. तरीही ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब पाहून लगेच नोंदवणे, औषध देण्याआधी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ पडताळणे, लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्येच ठेवणे, ही कामे कोणतेही यंत्र नर्सबाईंच्या वतीने करीत नाही. उपकेंद्रात मशीनची बॅटरी संपली तरी बोटांना नाडी कळलीच पाहिजे.

म्हणून यंदा एएनएमला प्रवेश घेणाऱ्या मुलींना सांगणे आहे: हात धुण्याच्या आणि टीपीआरच्या (ताप, नाडी, श्वास मोजण्याच्या) तासाला सोपा समजून सोडू नका. आणि शिक्षकांना विनंती: हा भाग वहीत उतरवून घेण्यावर थांबू नका. प्रत्येक मुलीच्या हाताला तो बसेपर्यंत तिच्याकडून करवून घ्या. गाव तुमच्या विद्यार्थिनींच्या भरवशावर आहे.